फर्माइश करणारे, निलंग्याहून

पत्र कसं लिहिलं म्हणजे ते रेडिओवर वाचलं जातं, हे रियाज टेलरला कोणी शिकवायची गरज नव्हती. निलंग्यात त्याचं दुकान होतं तेव्हा रविवारच्या फर्माइशीच्या कार्यक्रमात त्याचं कार्ड महिन्यातून दोनदा तरी लागायचंच. मोठमोठ्या शहरांतले लोक पत्रं पाठवून पाठवून टेकीला यायचे, आणि हा पठ्ठ्या एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीएवढ्या दुकानात बसून, शिलाई मशीनवरच कार्ड ठेवून लिहायचा आणि बरोबर लावून दाखवायचा. लाल शाईनं गाण्याचं नाव, हिरव्या शाईनं सिनेमाचं, कडेला नागमोडी कात्रीची नक्षी. आणि खाली नावं. खरी गोम त्या नावांत होती. नावं जितकी जास्त तितकं कार्ड वजनदार, असा त्याचा हिशोब होता आणि तो कधी चुकला नाही.

तर निलंगा श्रोता संघाची नावं कार्डावर ठरलेल्या क्रमानं असायची. निलंग्याहून रियाज टेलर, वकार घड्याळवाले, शेषेराव कंडक्टर, शिवम्मा, हरणवाडीहून किशनराव, धोंडाबाई आणि मित्रमंडळी. ही सगळी कार्डं रियाज एकटाच लिहायचा. कधी स्वतःच्या नावानं, कधी वकारच्या, कधी शेषेरावच्या. ज्याला लिहायला यायचं नाही त्याच्यासाठी, आणि ज्याला यायचं पण कंटाळा होता त्याच्यासाठीही. संघाचा सेक्रेटरी म्हणजे दुसरं काय असतं? ह्याला लबाडी म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. शेषेराव कंडक्टर तर बसमध्ये तिकीट फाडता फाडता सांगायचा, काल माझं पत्र लागलं, ऐकलं का? त्या पत्राला त्यानं हातसुद्धा लावलेला नसायचा.

हे सगळं त्र्याण्णवच्या भूकंपाआधीचं. त्यानंतर पंधरा वर्षांनी, दोन हजार आठ साली, रियाज लातुरात होता आणि क्लासेसच्या पोरापोरींचे पांढरे ॲप्रन शिवत होता. गल्ली अशी, की सकाळी सहाला पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांचा लोंढा सुरू व्हायचा तो रात्री नऊपर्यंत. जिकडं बघावं तिकडं पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावलेले बोर्ड. त्या गर्दीवर रियाजचं घर चाललं, मुलगी कहकशांचं लग्न झालं, त्यामुळं तक्रार करायला त्याला तोंड नव्हतं. पण ह्या गल्लीत गाणं म्हणून ऐकू यायचं नाही. पोरं चालतानासुद्धा सूत्रं पाठ करायची.

त्याच्या दुकानाला लागून आदिनाथचं नेट कॅफे होतं. आदिनाथ तिशीतला, स्वतः दोन वर्षं इंजिनिअरिंगच्या क्लासला बसून उठलेला, आता दुसऱ्यांचे फॉर्म भरायचा. एकदा शर्टाची कॉलर उलटवायला आला असता रियाज कसलंसं जुनं गाणं गुणगुणत होता. आदिनाथ म्हणाला, चाचा, तुमच्यासारख्या माणसांचा नेटवर एक अड्डा आहे, 'गाणेवेडे' नावाचा फोरम. देशभरातले जुन्या गाण्यांचे शौकीन तिथं एकमेकांना प्रश्न विचारतात, उत्तरं देतात. रियाजचे कान टवकारले. उत्तरं देतात, हे शब्द त्यानं पक्के धरले. कारण त्याच्याकडं एक प्रश्न होता आणि तो पंधरा वर्षं तसाच पडून होता.

दुपारच्या नमाजानंतर तो कॅफेत जाऊन तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसला आणि एका बोटानं टाइप करत त्यानं पहिली पोस्ट घातली. अडीच तास लागले. सर्व रसिक श्रोते बंधुभगिनींना लातूरहून रियाज टेलर, सौ. शहजादी, कन्या कहकशां, जावई हारिस यांचा सप्रेम नमस्कार व आदाब. आपण सर्व खुशाल असाल अशी आशा आहे. इकडे पाऊसपाणी बरे आहे. असं करत करत चाळीस ओळी झाल्यावर खाली प्रश्न होता. १९९३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात रविवारच्या फर्माइशीत निलंग्याचे पत्र लागले होते काय, आणि लागले असल्यास पहिले नाव कोणाचे घेतले? विषयाच्या जागी त्यानं लिहिलं होतं, 'पत्र'.

आठ दिवसांत ती पोस्ट अकरा वेळा पाहिली गेली असं तिथं दिसत होतं. त्यातल्या नऊ वेळा तो स्वतःच होता. उत्तर एकही नाही.

आता ह्या प्रश्नात असं काय होतं, ते सांगायला हवं. किशनराव हरणवाडीचा. चार एकर जमीन, एक बैलजोडी आणि गाण्याचं भलतं वेड. दर बाजारच्या दिवशी निलंग्याला यायचा तो आधी रियाजच्या दुकानात टेकायचा, मग बाजारात जायचा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि भांडल्याशिवाय दिवस सरायचा नाही. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात मात्र भांडण खरंखुरं झालं. रविवारी हरणवाडीत सोसायटीच्या ओसरीवर निम्मं गाव रेडिओभोवती बसायचं, किशनरावाचं नाव ऐकायला. आणि रेडिओवरची बाई चार नावं घेऊन झाली की घाईत म्हणायची, आणि मित्रमंडळी. किशनराव पाचवा. दहांतल्या नऊ वेळा तो मित्रमंडळीत जायचा. गाव हसायचं.

म्हणून तो म्हणाला, टेलर, एक डाव माझं नाव वर घाल की. रियाजला ते लागलं. बावीस वर्षं पदरमोड करून कार्डं मी लिहायची आणि मलाच शिकवायचं? शब्दाला शब्द वाढला. शेवटी रियाज म्हणाला, वर कशाला, तुझं नावच कापतो जा. आणि खरंच, त्याच दिवशी त्यानं किशनरावाचं नाव वगळून कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकलं.

पंधरवडा किशनराव फिरकला नाही. मग गणपती विसर्जनाच्या दिवशी दुपारी आला, टॉवेलात ओल्या भुईमुगाच्या शेंगा बांधून. मशीनवर गाठोडं सोडलं आणि म्हणाला, "कापलं तर कापलं. गाणं तर वाजंल न्हवं?" एवढंच. शेंगा खात दोघं घटकाभर बसले आणि चारच्या गाडीनं तो गावाकडं गेला, कारण गावचा गणपती त्याच्याशिवाय हलत नसे. तो गेल्यावर रियाजला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं हातातलं काम टाकून नवं कार्ड काढलं. हरणवाडीहून किशनराव, धोंडाबाई, निलंग्याहून शिवम्मा, शेषेराव कंडक्टर, वकार घड्याळवाले. आणि अगदी तळाला, रियाज टेलर. किशनरावाला सांगितलं नव्हतं. रेडिओवरूनच कळू दे, असं त्याच्या मनात होतं. शेवटची डाक निघायच्या आत कार्ड पेटीत पडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. हरणवाडीत दगडमातीच्या भिंती होत्या, त्या खाली आल्या. किशनराव गेला. त्याची बायको धोंडाबाई पाय मोडून ढिगाऱ्यातून निघाली. निलंग्यात रियाजच्या दुकानाची मागची भिंत रेडिओवरच पडली, आणि पडली नसती तरी त्या महिन्यात गाणी ऐकायची कुणात ताकद होती? तो तंबूचं कापड शिवत होता, रात्रंदिवस. दोन कार्डं त्याच्या हातून गेली होती. एकात किशनराव नव्हता, एकात तो पहिला होता. त्यातलं कुठलं वाचलं गेलं, हे त्याला कधीच कळलं नाही. ज्याला त्याला विचारून झालं. त्या ऑक्टोबरात त्या भागात रेडिओ लावलेला माणूस त्याला सापडलाच नाही.

धोंडाबाईला विचारायचं धाडस मात्र त्याला झालं नाही. नवऱ्याचं नाव कापल्याचं तिला ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कार्डाचं ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरात एकदा तो हरणवाडीला गेलाही होता. पत्र्याच्या शेडबाहेर ती प्लास्टरातला पाय पसरून बसलेली त्याला लांबून दिसली, आणि हा गडी तिथूनच माघारी फिरला. पुढं लातूरला आला तो त्या वाटेला गेलाच नाही.

तर फोरमवरची ती पोस्ट. महिना झाला तरी उत्तर नाही म्हटल्यावर आदिनाथनं ती वाचली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, चाचा, एवढं मोठं कोण वाचतं? प्रश्न विषयाच्या ओळीत टाका, दोन ओळींत आटपा. पाऊसपाणी कशाला? आणि दुसऱ्यांच्या प्रश्नांना आधी चार उत्तरं द्या, मग लोक तुम्हाला ओळखतील. तुम्ही नुसतं मागत राहिलात. सल्ला लाखमोलाचा होता, पण रियाज ऐकणाऱ्यातला नव्हता. त्यानं फक्त पाऊसपाणी तेवढं काढलं. दुसऱ्यांना उत्तरं द्यायची तर म्हणाला, माझ्याच पदरात उत्तर नाही, मी लोकांना काय वाटू? आणि त्यानं आपला जुना रामबाण इलाज बाहेर काढला. नावं वाढवायची.

पोरांचे फॉर्म भरताना दिवसाला चाळीस ई-मेल आयडी काढणाऱ्या आदिनाथला चार आयडी म्हणजे काहीच नव्हतं. कुणासाठी, कशाला, हे त्यानं विचारलंही नाही. वकार घड्याळवाले फोरमवर आले, शेषेराव कंडक्टर आले, शिवम्मा आली. वकार हैदराबादला गेल्याला बारा वर्षं झाली होती, शेषेराव रिटायर होऊन वारला होता, शिवम्मा उदगीरकडं लेकीकडं असते असं ऐकून होता. ते कुठं का असेनात, सेक्रेटरी जागेवर होता. वकारनं लिहिलं, रियाजभाईंचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शेषेरावनं लिहिलं, मलाही हेच विचारायचं होतं.

चौथं नाव टाइप करताना रियाजचं बोट थांबलं. मग त्यानं सावकाश एकेक अक्षर दाबलं. किशनराव, हरणवाडी. खाली लिहिलं, 'टेलर, मी बी वाट बघायलोय.' लिहिलं आणि पडद्याकडं बघत बसला. डोळे भरून आले, पण बरंही वाटलं, हे खोटं कशाला बोला.

पुढचे पंधरा दिवस म्हणजे निलंगा श्रोता संघ पुन्हा भरला म्हणा ना. रियाज ॲप्रन शिवता शिवता आज कोण काय म्हणेल याचा विचार करायचा आणि दुपारी जाऊन लिहायचा. वकार आपला नेहमीसारखा गाण्याचं साल चुकवायचा. शिवम्मा अर्धं कानडी बोलायची आणि शेषेराव तिची नक्कल करायचा. किशनराव तर रोज भांडायचा. माझं नाव वर घाल म्हणायचा, आणि रियाज त्याला उत्तर द्यायचा, घातलंय रे बाबा, तेच तर विचारायलोय. आदिनाथ काउंटरवरून बघायचा, चाचा एकटेच हसतात म्हणून. शहजादीनं घरी विचारलं, हल्ली लई खुशीत असता, काय मिळालं? त्यानं सांगितलं नाही.

आणि मग एके दिवशी दुपारी तो कॅफेत शिरला तर त्याच्या पोस्टला त्रेसष्ट उत्तरं होती. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत त्यानं पहिलं उत्तर वाचलं. फोरम चालवणाऱ्यांचं होतं. एकाच कॉम्प्युटरवरून पाच जण लिहीत आहेत, हे पाचही जण म्हणजे एकच गृहस्थ आहेत, सभासदांनी सावध राहावं. खाली बाकीच्यांनी तोंडसुख घेतलं होतं. कुणी म्हणालं, म्हातारा स्वतःशीच भांडतो. कुणी म्हणालं, ह्यात काहीतरी फसवणुकीचा धंदा असणार. महिनाभर ज्यांना दोन ओळी लिहायला वेळ नव्हता, त्यांना आता एकदम कंठ फुटला होता.

रियाज उठून दुकानात आला. त्या दिवशी त्यानं शिवलेल्या तिन्ही ॲप्रनांचे खिसे उजवीकडं लागले, सगळे उसवावे लागले. लबाड, हा शब्द त्याला आयुष्यात कुणी लावला नव्हता. शहजादीला तेव्हा सगळं सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ह्या लोकांना तुम्ही विचारलंत, धोंडाबाईला विचारलंत का? तो उठून हातपाय धुवायला गेला. त्या दिवसापासून ती ताट वाढायला आली तरी तिच्या बघण्यात तोच प्रश्न असायचा.

चार दिवसांनी आदिनाथ स्वतः दुकानात आला. म्हणाला, चाचा, चला, एक उत्तर वेगळं आलंय. रियाज नको म्हणत होता, त्यानं हाताला धरून नेलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. हिमायतनगरहून वर्षाराणी नावाच्या बाईनं लिहिलं होतं.

'माझं हे किशनरावांना आहे, बाकीच्यांनी मध्ये पडू नये. तुम्ही हरणवाडीचे किशनराव ना? आमचे बाबा तुमचे फार चाहते होते. निलंग्याची नावं लागली की ते म्हणायचे, आता बघा, ह्या बिचाऱ्या किशनरावाला ही बाई मित्रमंडळीत ढकलणार. भूकंपानंतर रेडिओवर निलंग्याची पत्रं येतात का म्हणून ते कान लावून बसायचे. एका रविवारी आलं. भूकंपाच्या भागातलं पत्र म्हणून बाईनं घाई न करता सगळी नावं घेतली, धोंडाबाईंचंही घेतलं, तुमचं नव्हतं. आई म्हणाली, गेला वाटतं माणूस. त्या दिवशी आमच्या घरी कोणी नीट जेवलं नाही. दसऱ्याला आम्ही माहूरला देवीला गेलो, रविवारच होता, बाबांनी ट्रान्झिस्टर बरोबर घेतला होता. पायऱ्या उतरताना कार्यक्रम लागला आणि पहिलंच नाव आलं, हरणवाडीहून किशनराव. बाबा पायरीवर मटकन बसले. वाचला, वाचला म्हणून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना देवीचा तांबूल वाटला. गाणं कोणतं लागलं ते मला आठवत नाही. बाबा मागच्या वर्षी गेले. तुम्ही आहात हे वाचून आईला फार आनंद झाला आहे. तेवढं कळवावं.'

रियाजनं ते उत्तर स्वतः पुन्हा वाचून काढलं. पहिलं. किशनरावाचं नाव पहिलं लागलं होतं, आणि दसऱ्याच्या दिवशी. पंधरा वर्षं उरावर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता, आणि उचलता उचलता दुसराच त्याच्या हातात दिला होता. हिमायतनगरच्या एका घरात किशनराव आजपर्यंत जिवंत होता. त्या घरातली म्हातारी त्याच्या खुशालीची वाट बघत होती. आता किशनरावाच्या नावानं दोन ओळी लिहिल्या, की बाई आम्ही मजेत आहोत, तर कुणाचं काय जाणार होतं? कार्ड लिहायला बसलेला सेक्रेटरी असं शेकडो वेळा लिहून मोकळा झाला होता. त्यानं किशनरावाचं नाव टाइप केलं आणि एकेक अक्षर पुसून टाकलं.

मग त्यानं स्वतःच्या नावानं लिहिलं. जन्मात पहिल्यांदा एवढं थोडकं लिहिलं. 'ताई, मी रियाज टेलर. किशनराव भूकंपातच गेला. ती दोन्ही कार्डं मी भूकंपाच्या आधी टाकली होती, आणि इथं त्याच्या नावानं मीच लिहीत होतो. तुमच्या आईला दुखवलं, माफी असावी.' नमस्कार नाही, पाऊसपाणी नाही, खाली एकच नाव.

दुसऱ्या दिवशी तो कॅफे उघडायच्या आधीच दारात उभा होता. उत्तर आलेलं होतं. 'रियाजकाका, आई खूप रडली. मग म्हणाली, पंधरा वर्षं तो माणूस आपल्या घरात जिवंत राहिला, त्याला काय माफी मागायची. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आई विचारते, धोंडाबाई आहेत का? नाव पहिलं लागलं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं का?'

रियाजनं आदिनाथला सांगितलं, कुणी विचारलं तर दुकान बंद आहे म्हणून सांग. शहजादीला सांगायला घरी गेला तर तिनं काही न विचारता शिदोरी बांधून दिली. निलंग्याच्या गाडीत खिडकीशी बसून तो तोंडातल्या तोंडात नावं घोळवत राहिला, त्या शेवटच्या कार्डाच्या क्रमानं.

हरणवाडी आता जुन्या जागी नव्हती. नव्या गावात सगळी घरं एकसारखी, एका ओळीत, त्यामुळं विचारत विचारत जावं लागलं. धोंडाबाई दारात सुपात तूर पाखडत बसली होती. केस पार पांढरे, एक पाय लांब केलेला. तिनं मान वर करून पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. बसा म्हणाली, जसा काही तो मागच्याच बाजारला येऊन गेला होता.

रियाज बसला. पाणी प्याला. आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. भांडण, कापलेलं नाव, शेंगा, दुसरं कार्ड, कॉम्प्युटरवरची पाच नावं, हिमायतनगरच्या मायलेकी, माहूरच्या पायऱ्या, देवीचा तांबूल. शेवटी म्हणाला, "वैनी, त्याचं नाव पहिलं लागलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नसंल म्हणून आलो."

"मला ठाव हाय," धोंडाबाई म्हणाली.

ती सांगू लागली. शेडमध्ये दवाखान्याच्या एका माणसाचा रेडिओ होता. दसऱ्याला तो लावला होता. तिनं ऐकलं. पयलं नाव ह्यांचं, दुसरं माजं. भूकंपात वाचलेल्या चार बायका जवळ होत्या, त्यांनीही ऐकलं. टेलरनं तंटा मिटवला, एवढं तिला तेव्हाच कळलं होतं.

"मग वैनी, मला सांगायचं तरी."

"कुटं सांगू? तुमी शेडपातूर आलाव आन् लांबूनच माघारी गेलाव. बघितलं की म्या. म्हनलं, आज न्हाई तर उद्या येतील. पंधरा वर्सं झाली भाऊ, तुमी येचाल म्हून बसले."

देशभरच्या लोकांना रियाजनं विचारलं होतं, पाच पाच नावांनी विचारलं होतं, आणि उत्तर इथं चाळीस-पन्नास किलोमीटरवर दारात बसून त्याची वाट बघत होतं. त्यानं टोपीनं डोळे पुसले. धोंडाबाईनं त्याला पुसू दिले. मग आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली आणि म्हणाली, त्या हिमायतनगरच्या मायलेकींना माझ्याकडून लिहा, आपल्या कार्डावर लिहा, त्या कॉम्प्युटरच्या मशीनवर नको.

येताना त्यानं स्टँडवरून एक कार्ड घेतलंच होतं, खिशात होतं. मांडीवर शिदोरीचा डबा ठेवून त्यावर तो लिहू लागला, ती सांगत गेली. खाली नावांची जागा आली तेव्हा त्यानं विचारलंही नाही, सवयीनं लिहिलं. हरणवाडीहून किशनराव, धोंडाबाई. मग जागा सोडून, अगदी तळाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात स्वतःचं नाव घालायला लागला.

धोंडाबाई वाकून बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या नावाला किती जागा, ते तिला दिसत होतं. तिनं त्याचा हात धरला आणि माझ्या नावाजवळ घाला म्हणाली.

"त्या दिशी बाईनं समदी नावं घेतली. ह्यांचं नाव आलं, माजं आलं, शिवम्माचं, शेषेरावचं, वकारभाऊचं आलं. तुमचं येईना. मला वाटलं, टेलर बी गेला. मग एकदम शेवटाला आलं. इतकं खाली सोताचं नाव घालू नगा, भाऊ. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो."